ट्रॅक्टरची आंघोळ

मागे फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजोबांचा ट्रॅक्टर बंद का होता, आणि मी "तेलाचा त्रास होता" एवढंच सांगून विषय मिटवला. आजोबा शेजारीच बसले होते. आता ते बागेत गेले आहेत, तर नीट सांगते.

तुमच्या बाबांनी हा लहान ट्रॅक्टर घेतला तो आजोबांच्या डाव्या गुडघ्यासाठी. मोठ्या ट्रॅक्टरचा क्लच त्यांना दाबवेना. ह्याला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. आतला पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात. उजव्या पायाने पेडल दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे. नाल्यापलीकडच्या संत्र्यांच्या बागेपर्यंत पायी जाणं त्यांना जमत नाही. ट्रॅक्टर आहे म्हणून ते एकटे जातात, झाडांच्या ओळींमधलं गवत कापतात, दुपारी जेवायला येतात. तो नसला तर दिवसभर ओसरीवरची खुर्ची.

पोळा झाला आणि ट्रॅक्टर कुरकुरायला लागला. सकाळी ठीक चाले. थोडं काम होऊन तेल तापलं की आवाज कण्हल्यासारखा व्हायचा, आणि नाल्याजवळच्या चढावर तो हळू होत होत थांबायचा. एकदा बागेतल्या माणसांनी ढकलत घरी आणला. त्या दिवशी आजोबा जेवता जेवता म्हणाले, "म्हाताऱ्याले म्हातारंच भेटलं. इकून टाकू त्याले."

मी ताटं उचलली आणि ट्रॅक्टरचं पुस्तक काढलं.

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण इंग्रजी वाचता येतं, आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची सवय आहे. ट्रॅक्टरच्या मागे एक दांडी असते. ती ओढली की गाडी हाताने ढकलता येते. ढकलून आणल्यावर ती अर्धवट बाहेर राहिली तर जोर जातो, असं पुस्तक म्हणत होतं. ती नीट आत होती. मग तेलाला वारा घालणारा पंखा पाहिला. त्याच्या पात्यांत वाळलं गवत बसलं होतं, ते ब्रशने काढलं. दुसऱ्या दिवशी चढावर पुन्हा तेच.

तेव्हा दारव्ह्याहून मेकॅनिकला बोलावलं. आपल्या विहिरीची मोटर वर्षानुवर्षं तोच बघतो. असा ट्रॅक्टर त्यानेही पूर्वी उघडला नव्हता. मी वाचून सांगायचं आणि त्याने हात घालायचा, असं ठरलं. त्याने मागच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, तेल मोजायची पट्टी आत बुडवली आणि उन्हात धरली.

"काकू, ऑइल नाई हे. लस्सी हाय."

"पाणी गेलंय?"

"हाव. पर कुठून? हा त शेडमंधी राह्यते नं?"

आजोबा खुर्चीवरून म्हणाले, "पावसाचा ओलावा असन."

"काकाजी, ओलाव्यानं एवढं दूध निघालं असतं त मी म्हशी सोडून ट्रॅक्टर बांधले असते."

मी झाकण हातात घेतलं. त्याच्या कडेला वाळलेल्या हळदीचा पिवळा थर होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे बैलांना धुऊन त्यांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आपल्याकडे आता बैल नाहीत.

"अहो, तुम्ही ह्याला आंघोळ घातलीत?"

आजोबा म्हणाले, "पोळ्याले नाही घालाची त कवा घालाची?"

"कशानं?"

"मोटरच्या पाइपानं. गवताचा चिकटा निघून नव्हता राह्यला."

मेकॅनिकने मला झाकणातलं बारीक भोक दाखवलं. तेल तापलं की आतली हवा तिथून येते-जाते. "बैलानं मान झटकली असती, काकाजी. याचं नाकच एवढुसं, अन् तुमी त्यातच पाइप धरला."

मी हसले, आजोबा हसले नाहीत. उठून आत गेले. मेकॅनिकने आवाज खाली आणला. पाण्याने आतला पंप झिजला असेल तर ह्या इलाख्यात तो कोणी दुरुस्त करणार नाही, म्हणाला.

खालचं बूच काढून तेल सोडलं, रात्रभर निथळू दिलं, फिल्टर बदलला, पुस्तकात सांगितलेलंच तेल भरलं. थोडं चालवून पाहिलं तर तेही किंचित गढूळ झालं. पुस्तकात एकदाच बदलायला सांगितलं होतं. मेकॅनिक म्हणाला, भांडं एका पाण्यानं निघते का? पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं. तो निघायला लागला तेव्हा मी अडवलं. आत अडकलेली हवा काढायची राहिली होती. मागची चाकं जॅकवर उचलून, दांडी ओढून, पेडल सावकाश पुढे-मागे दाबायचं. मग दांडी आत ढकलून पुन्हा तसंच. बुडबुडे निघाले, तेलाची पातळी उतरली, तेवढं वरून भरलं. सगळं होईपर्यंत आजोबा शेडकडे फिरकले नाहीत.

सकाळी मी किल्ली त्यांच्या चहाजवळ ठेवली.

"पुन्हा थांबला त?"

"तर ढकलत आणू."

ते गेले. ते दिवसभर बागेत राहिले, तेल चांगलं तापलं असणार, आणि परतीच्या चढाची वेळ झाली. मी फाटकाशी उभी राहिले. आवाज नाल्यात उतरला, जड झाला. पूर्वी इथेच तो कण्हायचा. मी कठडा धरला. आवाज जडच राहिला, पण तुटला नाही, आणि मग बाभळींच्या वर त्यांची टोपी दिसली.

ते हातपाय धुऊन ताटावर बसले, आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "त्या पुस्तकात पाह्य बरं, हळद चालते का म्हणून."

मी खरंच पाहिलं. हळदीबद्दल त्यात काही नाही. पुढच्या पोळ्याला ओल्या फडक्यानं पुसा, म्हटलं, आणि हळद पुढच्या बॉनेटला लावा. ते कबूल झाले. आवतण मात्र कानातच देणार म्हणाले, "अन् कान कुठं धराचा ते माह्यं मी शोधीन."