अक्षयाचं गाऱ्हाणं

अक्षयाच्या जिभेला हाड नाही, असं सासरी सगळे म्हणत. म्हणोत बापडे! दोडामार्गातून लग्न होऊन ती धामापूरजवळच्या या वाडीत आली, तेव्हा घरचा काजू दलाल सांगेल त्या भावात जात होता. हिने फोन कानाला लावला, पुण्या-कोल्हापूरची गिऱ्हाइकं धरली आणि घर वर काढलं. पोटुशी राहिली तरी फोन सुटला नाही. तेव्हा कोणी ब्र काढला नाही. काजू खपत होता ना!

ओवी जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. झालं! अख्ख्या वाडीला वैद्यकी सुचली. एरवी अशा वेळी बोट ग्रहणाकडे जायचं. पण ग्रहणाच्या दिवशी सासू मथुराबाई स्वतः दारात बसून राहिली होती, सुनेला विळीला हात लावू दिला नव्हता. म्हणजे ग्रहण सुटलं. मग उरला फोन आणि डोंगरावरचा टॉवर.

"त्या लहरींनी पोटातच बीज बिघाडला," चुलतसासरे बाबलीकाका ज्याला-त्याला सांगत सुटले. "कितीदा सांगलय हिका, फोन ठेय म्हणान!"

एकदाही सांगितलं नव्हतं. उलट स्वतःच्या आंब्याच्या पेट्या हिच्याच फोनवरून विकून घेतल्या होत्या. खोटारडा मेला!

अक्षया गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पोरीला घेऊन ती ओरोसच्या सरकारी इस्पितळात गेली आणि डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं, "माझ्या फोनमुळे झालं का हे? खरं सांगा."

"फोनच्या लहरींनी पोटातल्या बाळाच्या जनुकांना इजा होते, असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही," बाई म्हणाल्या. "प्राण्यांवरच्या प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत, अभ्यास अजून चालू आहे. पण या ओठाचं खापर फोनवर फोडू नका. नेमकं कारण बहुतेक वेळा सांगताच येत नाही. तुमची चूक नाही. काही महिन्यांनी ऑपरेशन करून ओठ शिवून घेऊ."

घरी येऊन तिने शब्द न् शब्द सांगितला. ऐकतो कोण! नवरा सुशांत गोव्यात कामाला, शनिवारी घरी येणारा. "काकांका मी काय बोलू?" म्हणे. अक्षयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारशाच्या दिवशी घरापुढच्या खळ्यात तुळशीपुढे नारळ ठेवला. बाबलीकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. वडीलधाऱ्याने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा, ही रीत. देवासमोर एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की ते कायमचं खरं झालं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवाचा बारसा आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका बरा आयुष्य दी रे..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या आवशीच्या हातसून फोनाची चूक झाली, पोरीक भोगूचा लागला, ती चूक पोटात घाल..."

"नाय म्हाराजा!"

पोरीला खांद्याशी घेऊन अक्षया तुळशीपुढे येऊन उभी राहिली. बाईमाणसाने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. गेली ती रीत खड्ड्यात!

"बा देवा म्हाराजा!" तिचा आवाज रागाने फाटला होता. "माझ्या फोनान हिचो ओठ फाटलो नाय. बापाशीक गोव्यातसून हिच्याशी बोलूक मिळाचा म्हणान माझ्या सासवेन रोज माझ्या पोटार फोन धरल्यान, तेच्यानव फाटलो नाय. कित्याक फाटलो, ता डाक्टरांकव ठावक नाय. उद्या जो कोण माझ्या चेडवाक सांगात, तुझ्या आवशीन तुझा वाटोळा केल्यान, तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

कोणी होकार देईना. बाबलीकाका तुळशीकडे बघत राहिले, सुशांत आपल्या पायांकडे.

मथुराबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. पोटावर फोन धरणारा तो हात इतके दिवस तिचा तिलाच जाळत होता, हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने पदर बाजूला केला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

अक्षयाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतके दिवस कुठे होती ही? ती सुशांतकडे बघत होती.

"आता तू म्हण," ती म्हणाली. "मोठ्यान."