एल्वुडच्या कपाचा खिळा

आमच्या शिकारकँपात प्रत्येकाचा कप ठरलेला आणि भिंतीवरचा खिळाही. माणूस मेला की कप उतरायचा, एरवी नाही. जिवंत माणसाचा कप एकदाच उतरला. तो एल्वुड स्ट्राउसचा, आणि उतरवला त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, ओरेनने. मी तिथेच स्टोव्हपाशी पाय शेकत बसलो होतो. त्यामुळे ही गोष्ट सांगायचा हक्क मला आहे, आणि लाज वाटायचाही.

एल्वुड मुलखाचा अबोल. अडतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली, दोन बोटं तिथेच ठेवून आला, पण हरणांचा एकही हंगाम चुकवला नाही. आमच्याकडे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात नरांचा हंगाम संपला की डिसेंबरात तीन दिवस माद्या मारायची परवानगी मिळते. कळप फार वाढलाय, मारा, असं सरकार म्हणतं. सरकारला काय कळतंय? मादीचे परवाने मोजकेच निघायचे; आम्ही सगळे ते घ्यायचो आणि स्टोव्हमध्ये जाळायचो. जळाला परवाना की वाचली एक मादी. ही युक्ती मूळ एल्वुडचीच, वीस वर्षांपूर्वीची.

त्या वर्षीही कॉफीचा रिकामा डबा फिरला. ज्याने त्याने आपला परवाना आत टाकला. एल्वुडने डबा तसाच पुढे दिला.

"टाक की," ओरेन म्हणाला.

"नाही टाकत."

"मग काय, फ्रेम करून लावणार आहेस?" मी म्हणालो. सगळे हसले. एल्वुड नाही हसला.

"उद्या सकाळी जाणार आहे मी. मादी मारायला."

ओरेनने डबा खाली ठेवला. "तिला बाहेर आपल्या शिकारीच्या खांबावर टांगलीस तर तुझा कप खिळ्यावर राहणार नाही. भाऊबिऊ काही बघणार नाही मी."

"माहितीय," एल्वुड म्हणाला.

सकाळी आम्ही कुणीच बाहेर पडलो नाही. पत्ते वाटले, पण खेळात कुणाचं लक्ष नव्हतं. सव्वाआठला एकच बार ऐकू आला. दहा वाजता खिडकीतून एल्वुड दिसला. उतारावर, बर्फातून तिला ओढत येत होता. त्याचा खुबा कधीचा कामातून गेलेला. दहा पावलं चालायचा आणि थांबायचा. एकदा पडला. उठायला इतका वेळ लागला, की मी खुर्चीतून उठलो. ओरेनने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी परत बसलो. भित्रा कुठला.

अकराच्या पुढे त्याने तिला खांबावर चढवली. एकट्याने. तेव्हा आम्ही बाहेर आलो.

"ओरेन, हात घाल तिच्या पोटात," तो धापा टाकत म्हणाला. "आतडी वरच काढली, गुर्दे ठेवलेत मी. चाचपून बघ."

ओरेन हलेना. मग हातमोजा काढला आणि हात घातला. डिसेंबरात गुर्द्यांवर चरबीचा जाड थर हवा. त्याचा हात आत बराच वेळ फिरला आणि नुसता रक्ताने माखून बाहेर आला, चरबी नावालाही नाही.

"गेल्या हिवाळ्यात आपण त्यांना गवताच्या पेंढ्या घातल्या," एल्वुड म्हणाला. "एप्रिलमध्ये मी बघायला गेलो होतो. अकरा मेलेली. दोन चिरली. पोटं आपल्याच गवताने गच्च भरलेली. पचलंच नाही त्यांना. भरल्या पोटी उपाशी मेली रे. रानात एक रोप गुडघ्याएवढं होत नाही, सगळं यांनीच खाल्लंय. आपण वाचवली, आणि आपणच मारली."

"आठ महिने झाले. मला का नाही सांगितलंस?"

"पेंढ्या तू वाहिल्या होत्यास. पाठ धरली होती तुझी. कुठल्या तोंडाने सांगू?"

ओरेन आत गेला. खिळ्यावरून कप काढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो बाहेर आला, तेव्हा कपात कॉफी होती.

"पी," तो म्हणाला. "मग नीघ."

एल्वुडने उभ्याउभ्याच कॉफी संपवली, कप परत दिला आणि गाडी काढून गेला. ओरेनने हट्टाने नियम पाळला आणि पुढे तीन दिवस कुणाशी धड बोलला नाही. मला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा.

पुढच्या डिसेंबरात डबा फिरलाच नाही. एल्वुडचा कप घासूनपुसून परत खिळ्यावर होता, पण एल्वुड नव्हता.

"फोन केला होता त्याला," ओरेन खाली बघत म्हणाला. "या म्हटलं, साहेब. तर म्हणतो, खुबा आता चढू देत नाही. तिला ओढताना त्या उतारावर उरलासुरलाही गेला. म्हणाला, तू जा. ओढ्याच्या वर झुडपांत माद्या बसलेल्या असतात. आणि म्हणाला..." तो थांबला. "म्हणाला, ओढायला कुणाला तरी सोबत ने. एकट्याने ओढू नकोस."

त्याने परवाना छातीच्या खिशात घातला आणि बंदूक घेतली. मी बूट चढवले आणि दोर खांद्यावर घेतला.