शिमोनमास्तरांचं एक क्रियापद

शिमोनमास्तर नव्या विद्यार्थ्याच्या तोंडाकडे आधी बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी पाळक तयार करणारी एक लहानशी शाळा तेव्हा नगरला होती. तिथे मी दाखल झालो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. खर्ड्याजवळच्या गावाहून आलो होतो, अंगात मामाचा कोट होता आणि पायांत काहीच नव्हतं. मास्तर खुर्चीतून पुढे वाकले, चष्मा सावरला आणि माझ्या टाचांच्या भेगा निरखत म्हणाले, "चिखल तुडवलायस कधी?"

"व्हय," मी म्हणालो. "घराच्या भिती घालताना तुडवलाय की."

"मग तुला निम्मं हिब्रू येतं. बस."

मी बसलो. उरलेलं निम्मं मला पुढच्या तीन वर्षांत आलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या एका वाक्यामुळे मी पहिल्या आठवड्यात गावी पळून गेलो नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. माझ्या शेजारी एक इंग्रजी शिकलेला, पॉलिश केलेले बूट घातलेला विद्यार्थी होता. त्याच्या बुटांकडे बघून मास्तर हळहळले आणि म्हणाले, "तुला जरा जड जाईल हो."

मास्तर आम्हांला बायबलातल्या जुन्या कराराची भाषा, म्हणजे हिब्रू शिकवत. शिकवायला शब्द हजारो होते, पण मास्तरांचा जीव एकाच क्रियापदावर जडलेला होता. ते क्रियापद म्हणजे 'रामस'. अर्थ, पायांनी तुडवणं. कोशात त्याला चार ओळी होत्या आणि मास्तरांना त्या पुरत नव्हत्या. पवित्र शास्त्रात हा शब्द जिथे जिथे येतो तिथे कोण तुडवतं, काय तुडवतं आणि तुडवून झाल्यावर मागे काय उरतं, याच्या चिठ्ठ्या करून त्यांनी पत्र्याच्या एका डब्यात ठेवल्या होत्या. घोडे एका राणीला तुडवतात. स्वस्त धान्यासाठी धावलेली गर्दी राजाच्या सरदाराला वेशीत तुडवते. मेंढ्या आपलं पोट भरल्यावर उरलेलं गवत तुडवतात. देव रागावला की माणसं तुडवतो. आणि कुंभार माती तुडवतो, त्यालाही तोच शब्द. "अर्थ डोक्यात नसतो रे," मास्तर सांगायचे, "टाचेत असतो." आणि जो पाय स्वतः पाहिला नाही, त्याचा अर्थ ते वहीत उतरवू द्यायचे नाहीत.

मेंढीचा पाय बघायला त्यांनी आम्हां सगळ्यांना एकदा सावेडीकडे चालवत नेलं. तिकडे तेव्हा शेतं आणि माळच होता. एक धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मास्तरांनी त्याला नमस्कार करून विचारलं, "एका मेंढीनं तुडवलेलं गवत दुसरी मेंढी खाते का हो?"

"न्हाई बा. लई नखरा आसतो त्यास्नी. वास घेत्यात आन् त्वांड फिरवत्यात."

"म्हणजे पुढची मेंढी नुसत्या पायानं मागचीला उपाशी ठेवते?"

"ठिवती की. म्हून तर लंगडी, गाभणी म्होरं सोडावी लागत्यात."

मास्तरांना एवढा आनंद झाला, की त्यांनी तिथेच माझ्या पाठीवर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. धनगरानं मला हळूच विचारलं, "मास्तरास्नी मेंढरं घ्यायची हायती का?"

"न्हाई. त्यास्नी एक शब्द समजून घ्यायचाय."

"मग बरं," तो सुटल्यासारखा म्हणाला. "मेंढरांचं काम लई वंगाळ."

गर्दीचा पाय मास्तरांनी स्वतःवरच करून पाहिला. लढाईचे दिवस होते. स्वस्त धान्याच्या दुकानापुढे सकाळपासून झुंबड उडायची. मार्थाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांना पिशवी देऊन ज्वारी आणायला पाठवलं. मास्तर रांगेत न लागता दाराच्या चौकटीला टेकून निरीक्षण करत राहिले आणि दार उघडल्याबरोबर माणसांच्या लोंढ्याखाली सापडले. घरी आले ते एका वहाणेनं, अंगठ्याचं नख फुटलेलं आणि पिशवी रिकामी. अंगठ्यावर हळद दाबून बसलेल्या अवस्थेतच त्यांनी आम्हांला बोलावून घेतलं.

"त्या सरदाराला कुणी मुद्दाम मारलं नव्हतं," ते सांगू लागले. त्यांचा चेहरा फुललेला होता. "गर्दीला खाली बघायला सवडच नसते! आज समजलं मला."

"आणि ज्वारी?" मार्थाबाई आतून म्हणाल्या.

मार्थाबाई फार बोलत नसत. मास्तर कधी कुंभाराच्या आव्यापासून, कधी वीटभट्टीवरून गुडघाभर चिखल घेऊन यायचे आणि नुकत्याच सारवलेल्या ओसरीवर त्यांची पावलं उमटायची. तेव्हा बाई एवढंच म्हणायच्या, "तुमचं हिब्रू दारात धुऊन मग आत या." मास्तर मुकाट्यानं मागे फिरून रांजणाकडे जायचे.

असं सुखात चाललं असताना मुंबईहून पत्र आलं. आमची शाळा चालवणाऱ्या समितीला वाटू लागलं होतं, की खेड्यातल्या पाळकाला हिब्रू कशाला हवं? त्यापेक्षा त्या तासाला आरोग्यशास्त्र शिकवावं. समितीतले एक वडीलधारे साहेब येऊन वर्गाची परीक्षा घेतील आणि हिब्रू ठेवायचं की काढायचं हे ठरवतील. मास्तरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. वीस वर्षं ते हाच विषय शिकवत होते आणि त्यांना दुसरा विषय येतही नव्हता. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. विहिरीवर मार्थाबाई मला म्हणाल्या, "धड जेवत नाहीत रे. हिब्रू गेलं तर या माणसाचं मी काय करू?" त्यांना रडू येत होतं. मी त्यांची घागर भरून घरी नेऊन ठेवली.

मग मास्तरांनी कधी केली नव्हती ती गोष्ट केली. 'रामस' शब्दाचा अर्थ त्यांनी आम्हांला कोशातून उतरवून दिला आणि म्हणाले, "पाठ करा." 'पाठ' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. "साहेबांना असंच लागतं," एवढं बोलून ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. आम्ही चालता-बोलता, भांडी घासताना, अंघोळ करताना त्या चार ओळी घोकत होतो. माझ्या तोंडी तर त्या इतक्या बसल्या, की एकदा जेवणाआधीच्या प्रार्थनेत मी त्याच म्हणायला लागलो.

त्याच सुमारास शाळेच्या आवाराची मातीची भिंत एका अंगानं ढासळली होती. ती आम्हीच घालायची होती. वर्गासमोरच खड्डा करून त्यात पांढरी माती आणि भुसा भिजत घातला होता.

साहेब आले. उंच, पांढऱ्या केसांचे, स्वभावानं फार सज्जन गृहस्थ. तीस वर्षं मराठी बोलत होते आणि आमच्यापेक्षा शुद्ध बोलत होते. सगळ्यांत मागे बसलेला म्हणून त्यांनी मलाच उभं केलं.

"आपल्या मास्तरांनी निवडून दिलेल्या 'रामस' ह्या शब्दाचा अर्थ आपण मला सांगावा, अशी माझी विनंती आहे."

माझ्या डोक्यातून चारही ओळी गेल्या. पार गेल्या. मी छताकडे बघितलं, बुटवाल्या विद्यार्थ्याकडे बघितलं. तो ओठ हलवून मला सांगत होता, पण मला काही समजेना. मास्तर मान खाली घालून बसले होते. ती खाली गेलेली मान मला बघवेना आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सायेब, बूट काढा."

साहेब खाली बसले आणि नाड्या सोडू लागले.

मी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि खड्ड्यात उतरवलं. "आदी टाच. मंग चवडा. आता जरा फिरा. न्हाई, न्हाई, सायेब, नाचू नका! कडंनं आत या. एक बी जागा सोडायची न्हाई." साहेब वजनदार होते. चार पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले आणि गंभीरपणे म्हणाले, "माझा पाय परत येण्यास तयार नाही." आम्ही तिघांनी मिळून तो उपसून काढला. एव्हाना परीक्षा वगैरे सगळं विसरून मास्तर धोतर खोचून खड्ड्यात उतरले होते.

"साहेब, आता तुम्हांला राग आलाय असं समजून तुडवा!"

साहेबांनी तुडवलं. चिखल त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, मास्तरांच्या चष्म्यावर आणि दारातून थेट पहिल्या बाकापर्यंत उडाला.

"आता कुंभार व्हा. सावकाश! खडा लागला? काढा तो. बघा, पाय तोच, शब्दही तोच. रागाचा पाय काही शोधत नाही. कुंभाराचा पाय सारखा शोधत असतो. दोन्ही पायांना एकच शब्द का असावा, हे मी वीस वर्षं हुडकतोय."

"आणि सापडलं?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"नाही ना. म्हणून तर शिकवतो."

साहेब खड्ड्यात उभे राहून पोट धरून हसले. दुपारी ते मार्थाबाईंच्या ओसरीवर मास्तरांच्या धोतरात जेवले. पिठलं दोनदा मागून घेतलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असा पाठ मी जन्मात विसरणार नाही." टांगा वळल्यावर मित्रांनी मला उचलून घेतलं. हिब्रू वाचलं, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. त्या संध्याकाळी मार्थाबाईंनी शिरा केला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. साहेबांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. विद्यार्थ्यांना मातीकामाची इतकी उत्तम जाण आहे, हे पाहून समितीला अतिशय समाधान वाटलं होतं. खेड्यातल्या पाळकाला याच ज्ञानाचा खरा उपयोग. म्हणून आरोग्यशास्त्राचा विचार समितीनं सोडून दिला होता. हिब्रूच्या तासाला यापुढे ग्रामीण बांधकाम शिकवावं आणि ते शिमोनमास्तरांनीच शिकवावं, कारण त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

मास्तरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चला, भिंत अर्धी राहिलीय."

ती भिंत झाली. मग स्वयंपाकघराची झाली, मग पाळकांच्या घराची. मास्तरांनी विषय मन लावून शिकवला, कारण काही मन न लावता करणं त्यांना जमत नव्हतं. पत्र्याचा डबा मार्थाबाईंनी आतल्या फडताळात ठेवून दिला. मी मात्र मास्तरांच्या समोर जायचं टाळू लागलो. चार ओळी, नुसत्या चार ओळी म्हणून दाखवल्या असत्या तर! ही टोचणी मला झोपताना आणि उठताना, दोन्ही वेळा असायची.

कोर्स संपला. मला कोपरगावजवळच्या एका मंडळीवर नेमलं. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो. मार्थाबाईंनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मास्तर ओसरीत पाय सोडून बसले होते. पाय थकले होते आता. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि त्या परीक्षेपासून जे बोलायचं धैर्य झालं नव्हतं ते बोलून टाकलं.

"मास्तर, माझ्यामुळं हिब्रू गेलं."

मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. मास्तरांनी थोडा विचार केला.

"गेलं खरं तुझ्यामुळंच," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. मी उठायला लागलो, तर त्यांनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"पण पोरा, त्या दिवशी तू पाठ केलेलं उत्तर दिलं असतंस ना, तर हिब्रू राहिलं असतं, आणि ते शिकवणं मी दुसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं."