दीड माप

इंजनतात्या रागावले की आधी डोक्यावरची टोपी काढायचे, तिची घडी घालून होडीच्या फळीवर ठेवायचे आणि मगच तोंड उघडायचे. "पयली टोपी आईनं घातली हुती. तिच्यादेखत शिव्या कशा द्यायच्या?" असं त्यांचं म्हणणं. पण टोपी एकदा उतरली की नरसिंहपूरच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा हात थांबवून ऐकायच्या.

माझे वडील, अप्पा, इंदापूरला सरकारी नोकरीत होते. नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर त्यांच्या खात्याची एक होडी होती आणि तिच्या मागे टांगलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक जुनाट विलायती मोटर. तात्या बारामतीच्या वर्कशॉपात विहिरींवरची इंजनं दुरुस्त करायचे. तिथून अप्पांनीच त्यांना या मोटरीसाठी आणलं होतं. मी पुण्याला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात. सुट्टीत आले की अप्पांच्या जीपमधून संगमावर जायचे आणि कोणाशी न बोलता बसून राहायचे. तात्यांना माझं न बोलणं चालायचं.

ती मोटर नुसत्या पेट्रोलवर चालत नसे. वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. आतल्या भागांना तेल पोचायची दुसरी वाटच नव्हती. तात्यांचं माप म्हणजे दूध मोजायचं पितळी पावशेर. गॅलनभर पेट्रोलला दीड माप तेल. आधी थोड्याशा पेट्रोलात तेल घालून डबा हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल ओतायचं, शेवटी बोट बुडवून अंगठ्यावर घासून बघायचं. "तेल जास्त झालं तर धूर हुतो. खोकून मानूस मरत न्हाय. कमी झालं तर इंजन मरतं," हे त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल.

एकदा मी शहाणपणा करून ते माप नदीत विसळून आणलं. टोपी उतरली. "इंजनाला पानी पाजतीस व्हय गं पोरी? ह्येच शिकवत्यात का तुज्या शाळंत?" मी रडकुंडीला आले. ओरडून झाल्यावर त्यांनी टोपी घातली, फडक्यातला पेरू काढून अर्धा मला दिला आणि म्हणाले, "माजा राग आपल्या मानसावर. परक्याला मी राम राम घालतो न् वाटंला लावतो." खरं होतं ते. कचेरीतले कारकून आले की तात्या टोपी न काढता, फार गोड आवाजात राम राम म्हणायचे. त्या दिवसापर्यंत मी 'ताईसाहेब' होते. नंतर 'पोरी' झाले.

पुढच्या ऑक्टोबरात मोठे साहेब पाहणीला यायचे होते. मागच्या खेपेला धुराचा वास कोटाला लागला म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं, आणि अप्पांना ते नाक झोपेतही दिसत असावं. त्यांनी पुण्याहून मोटरीचं इंग्रजी माहितीपुस्तक आणवलं आणि घाटावर, सगळ्यांसमोर, मला तेलाचा तक्ता वाचायला लावला. मी वाचला. हिशेब केला तर गॅलनला पाऊणच माप तेल. म्हणजे निम्मं.

"बघा! इतके दिवस दुप्पट तेल जाळताय," अप्पा म्हणाले.

"जाळतोय म्हनून चालतंय, सायेब."

"हे कंपनीने छापलंय, तात्या. तुमचं बोट कुठं छापलेलं नाही."

कारकून हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं, आणि अजून हाताच्या मुठी वळतात.

तात्या माझ्याकडे वळले. "पोरी, त्या बुकात ह्याच मोटरीचं लिवलंय का? नीट बघ."

मी बघितलेलं होतं. पहिल्याच पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हे प्रमाण नव्या बनावटीच्या मोटरींसाठी आहे, जुन्यांना वापरू नये. अप्पा माझ्याकडे बघत होते. चारचौघांत त्यांना खाली बघायला लावेल असं काही मी कधी बोलले नव्हते.

"तक्त्यात असंच आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच स्वतःचा जास्त संताप येतो.

तात्यांनी टोपी काढली आणि पहिल्यांदाच अप्पांवर ओरडले. "मारा! इंजन तुमचंच हाय, मारा!" अप्पांचा चेहरा लाल झाला. त्यांनी स्वतःच्या हाताने पाऊण माप ओतलं.

साहेब आले. होडी निघाली. धूर नव्हता, अप्पा खुशीत होते. मधल्या धारेला पोचेपर्यंत मोटरीचा आवाज बारीक, कर्कश झाला. तात्या उठून उभे राहिले. "बंद करतो, सायेब."

"चालू द्या," अप्पा म्हणाले.

मग आतून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मोटर जागीच आवळून बंद पडली. दोन्ही नद्यांचं पाणी जिथे एकमेकांवर आदळतं तिथे होडी आडवी फिरली. तात्यांनी दोर हाताला गुंडाळून पाण्यात उडी घेतली. आधी पोहत, मग छातीभर पाण्यात पाय रोवत, अंगावर होडी घेत त्यांनी आम्हाला काठाला ओढलं. तळहातांची सालटी निघाली. साहेबांचे बूट भिजले.

रिपोर्ट बुटांमुळे झाला. 'यांत्रिकाचा हलगर्जीपणा' असं अप्पांनी इंग्रजीत लिहिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून स्वच्छ प्रत मी काढली. आठवड्यात तात्यांची नोकरी गेली.

बारामतीच्या गाडीची वाट बघत ते इंदापूरच्या स्टँडवर बसले होते. दोन्ही हात फडक्यात बांधलेले, मांडीवर गाठोडं, गाठोड्यातून पितळी मापाची कड दिसत होती. मी तिथे गेले, सोबत आणलेलं माहितीपुस्तक उघडलं, ती तळाची ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. मग टोपी उतरायची वाट बघत उभी राहिले. त्या दिवशी मला शिव्या हव्या होत्या. स्टँडवरच्या सगळ्यांनी ऐकाव्यात इतक्या मोठ्याने हव्या होत्या.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला आवाजावरनंच कळलं हुतं," ते म्हणाले. "ज्यांना वाचून कळनार हुतं, त्यांना तुमी वाचून दाखवलं न्हाय."

गाडी लागली. ते उठले. बांधलेल्या हातांनीच त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

"राम राम, ताईसाहेब," ते म्हणाले, फार गोड आवाजात.