कॅरमचं चौथं स्टूल

आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक पडायचा. दुपारच्या कॅरमला तेवढा कधी पडला नाही, त्यामुळे त्यातून निघालेले किस्से निकाली निघाले नाहीत, साठतच गेले. कचेरी कुठल्या खात्याची ते सांगत नाही. त्यातले दोघं अजून पेन्शन घेतात.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. माणसं आली, शिक्के आले, टेबलं यायची होती. जुन्या जिल्ह्यातून वाटणीला आलेल्या रेकॉर्डच्या पेट्या मात्र वेळेवर पोचल्या. आमचे हे नांदेडहून बदलून आले ते कॅरम बोर्ड घेऊनच. दोन पेट्या एकावर एक, वर बोर्ड, भोवती चार स्टुलं. पुढे कुणी त्या पेट्यांतला कागद मागितला की उत्तर ठरलेलं, "शोध चालू आहे." पेटी उघडायची तर डाव मोडावा लागला असता!

खेळणारे चौघं. उदगीरचे बिरादार अप्पा आणि हे एकमेकांचे भिडू. विरुद्ध बाजूला भोकरचे सलीमभाई आणि नियमांचे पक्के गोविंदराव. ह्यांचा स्ट्रायकर हमखास सोंगटीच्या मागोमाग भोकात जायचा, आणि अप्पा म्हणायचे, "हात हाय का फावडं?" संध्याकाळी चपला काढता काढता हे मला हिशेब द्यायचे, "आज फावडं दोनदा."

*

हे गेले त्या वर्षी पाऊसही झाला नाही. त्यांच्या जागी मला नोकरी मिळायला चार महिने लागले.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, तर खेळ चालूच होता, तिघांत. अप्पा आपली पाळी खेळायचे. ह्यांची पाळी आली की उठून, पेट्यांना वळसा घालून पलीकडच्या स्टुलावर बसायचे, एक फटका मारायचे आणि परत जागेवर यायचे. चार महिने असंच चाललं होतं म्हणे. सलीमभाईंची तक्रार एवढीच होती की पलीकडून खेळताना अप्पांचा नेम जास्त चांगला लागतो.

मी डबा उघडणार, तोच अप्पा म्हणाले, "वहिनी, पाय दुखायलेत माझे. तुम्ही बसा की तिकडं."

मी बसले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, स्ट्रायकर कुठल्या बोटानं मारतात हेही माहीत नसताना.

*

माझा पहिला फटका बोर्डावर पडलाच नाही. स्ट्रायकर उडाला तो कोपऱ्यातल्या माठात.

कचेरीला दिवसाला एक माठ पाणी मिळायचं. ते ओतून द्यायची कुणाची छाती नव्हती. हात घालायचा तर माठाचं तोंड अरुंद. गोविंदरावांनी तोडगा काढला, "स्ट्रायकर हाती लागेपर्यंत प्रत्येकानं दोन-दोन ग्लास प्यावे."

टंचाईच्या त्या दिवसांत पोटभर पाणी प्यायलेली जिल्ह्यातली एकमेव कचेरी आमची असावी.

*

मग मी सराव सुरू केला. सकाळी घागर टँकरच्या रांगेत लावायची आणि घरी येऊन पोळपाटावर शर्टाची बटणं मारत बसायचं. बटणं घरात पुष्कळ निघाली. भाजी, मुलीची वेणी, डबा, आणि मध्ये दहा फटके. कधी टँकर येऊन गेलेला कळायचाही नाही. शेजारीण म्हणाली, "अभ्यास कशाचा करायलात, बाई? प्रमोशनची परीक्षा हाय का?"

पण फळ आलं. तिसऱ्या आठवड्यापासून मी जिंकायला लागले. एकदा नाही, ओळीनं सहा दिवस! घरी मुलीला सांगितलं. ती गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा तर कधीच एवढे जिंकले नव्हते."

*

मुरुडकडच्या एका गावाचे सरपंच टँकरचा अर्ज घेऊन आले होते. सुट्टी संपेपर्यंत थांबायचं म्हणून भिंतीला टेकून खेळ बघत उभे राहिले. सलीमभाई रंगात आले होते. हवेत ओल नसली की बोर्ड गुळगुळीत चालतो, असं ते भिडूला समजावत होते. "यंदा बघा, कसा मख्खन हाय." सरपंच शांतपणे म्हणाले, "तेवढं तरी बरं झालं म्हणायचं साहेब, पाऊस न्हाई पडला ते." सलीमभाईंनी त्यानंतर आठवडाभर बोर्डाचं कौतुक केलं नाही.

त्या दिवशीही मी जिंकले. अर्ज माझ्या हातात देताना सरपंच हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. ते दोघं मुद्दाम चुकायलेत. आन् तुमचे भिडू तुमच्यासाठी सोंगट्या भोकाच्या तोंडाशी आणून ठेवायलेत."

त्यांचा अर्ज मी त्याच दिवशी पुढे पाठवला.

*

खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी मी स्ट्रायकर सरळ भोकात घातला. फाऊल. भोकातली एक सोंगटी काढून दंड म्हणून मध्ये ठेवायची.

तिघंही छताकडे बघत होते. ज्यांनी एकदा साहेबांच्या पत्रातली तारीख चुकली म्हणून ते पत्र साहेबांनाच परत पाठवलं होतं, ते गोविंदराव म्हणाले, "पंख्याच्या वाऱ्यानं गेला. धरायचा नाही."

वीज सकाळपासून नव्हती.

माझ्या टेबलावरच्या अवघड फायली रोज आपोआप कशा पूर्ण होतात, तेही मग माझ्या लक्षात आलं. सुट्टीनंतर मी अप्पांना गाठलं. "ह्यांच्याशी खेळायचात तसं माझ्याशी खेळणार असाल तर बसते. नाही तर ते स्टूल तुमचं तुम्ही सांभाळा."

अप्पांनी मान डोलावली, "हाव." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोंगटी भोकाच्या तोंडाशी.

मग मी तीन दिवस माझ्या टेबलाशीच डबा खाल्ला. अप्पा पुन्हा उठून पेट्यांना वळसा घालू लागले. त्यांचे पाय खरंच दुखत होते, हे मला तेव्हा कळलं.

*

चौथ्या दिवशी कुणी बोलावलं नाही. मीच जाऊन बसले.

त्या दिवशी भोकाच्या तोंडाशी काही मिळालं नाही. सलीमभाईंनी एका पाळीत चार सोंगट्या घेतल्या. गोविंदरावांनी माझं कोपर रेघेपुढे गेल्याचं दोनदा दाखवलं. तरी अप्पांनी डाव ओढत आणला. शेवटी आमची एक सोंगटी आणि राणी उरली. पाळी माझी. राणी गेली. आता तिच्यामागे आमची शेवटची सोंगटी घातली की डाव आमचा. मी नेम धरला. सोंगटी गेली.

तिच्या मागोमाग स्ट्रायकरही गेला.

गोविंदरावांची नजर छताकडे निघाली होती. वीज होती त्या दिवशी, पंखाही फिरत होता.

बोलले ते अप्पा, माझे भिडू.

"हात हाय का फावडं?"

मी राणी काढून मध्ये ठेवली. सोंगटी ठेवली, दंडाची आणखी एक ठेवली. सलीमभाईंनी स्ट्रायकर उचलला, कपाळाला लावला आणि एकाच पाळीत डाव संपवला.

घरी आले. मुलगी अभ्यासाला बसली होती. मी चपला काढता काढता म्हणाले, "आज फावडं एकदा."