उसनी मुले
सोललेल्या ओल्या सुपारीचा तुरट वास आला की केळव्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेची ती तपासणी आठवते. चार वर्गांना एकच शिक्षक, त्यामुळे मुलांना धड वाचता येत नव्हते. दुसरा शिक्षक मिळावा म्हणून गावातला एक वयस्कर माणूस या नात्याने मी शिक्षण हक्क कायद्याची कलमे दाखवत अर्जांमागून अर्ज केले, आणि अखेर अधिकारी बाई खातरजमा करायला आल्या. वर्गात पाहतो तर शेजारच्या खाजगी शाळेतली मुले आमच्या बाकांवर बसून घडाघडा वाचत होती. आमची मुले शाळा समितीच्या अध्यक्षांनी बागायती वाडीत सुपारी वेचायला धाडली होती. "ही मुले या शाळेची नाहीत," मी उभा राहून म्हणालो. मीच आग्रहाने निवडून आणलेले ते अध्यक्ष हसले. "मॅडम, काकांना आता पोरं वळखू येत नाय." बाकीच्या पालकांनीही माना डोलावल्या. "एवढी तयारी असताना दुसरा शिक्षक कशाला?" म्हणून बाई निघून गेल्या. "गावाची अब्रू राखली, काका," अध्यक्ष मला म्हणाले. त्या दिवशी वाडीत धाडलेल्यांत त्यांची स्वतःची लेकही होती. परवा, इतक्या वर्षांनी, तिला घेऊन ते माझ्या दारी आले. बोईसरच्या कारखान्याच्या ज्या करारावर तिने आधीच सही केली होती, तो तिला माझ्याकडून वाचून घ्यायचा होता. मी तो शब्द न् शब्द वाचून दाखवला. त्यांच्याकडे मात्र पाहिले नाही.