माझ्याभोवती सारवलेली भुई

हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. वाचल्यावर माझ्या ओळखीचे लोक दात काढणार आणि त्यात त्यांची चूक नसेल... असले अनुभव वाचून आजवर सगळ्यात मोठ्यानं हसणारी मीच होते. हॉस्टेलला एका मुलीला जिन्यात कुणीतरी दिसलं म्हणून अख्खा मजला एका खोलीत कोंबून झोपायचा, तेव्हा मी खुशाल त्याच जिन्यात अभ्यास करत बसायचे. तिथं वारा चांगला यायचा. भूत, करणी, भानामती — कशावर म्हणजे कशावर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, ते मलाच कळत नाही.

मी मातीत पीएच.डी. करते आहे. म्हणजे मृदाशास्त्रात, पण घरी 'मातीत' असंच म्हणतात आणि तेच बरोबर वाटतं. काळ्या मातीत ओलावा किती टिकतो, कधी उडतो, कशानं उडतो, हा माझा विषय. प्रयोग संपले होते, आकडे हातात होते, लिहिणं तेवढं राहिलं होतं. आणि लिहिणं म्हणजे काय असतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत! त्यातच हॉस्टेलची मुदत संपली. खोली सोडावी लागली. मग थिसिस, लॅपटॉप आणि विभागातून मागून आणलेलं ओलावा मोजायचं मीटर असा संसार घेऊन मी घरी आले.

घर म्हणजे सिरसाळ्याहून आत गेलं की फाट्यापासून चालत जायच्या अंतरावरची आमची वस्ती. नाव सांगत नाही. दसरा झाला की आमची वस्ती ऊसतोडीला जाते. घरांना कुलपं लागतात आणि मागं उरतात म्हातारी माणसं, त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेतली पोरं आणि कुत्री. आई आणि अण्णाही, म्हणजे माझे वडील, जाणार होते, बेळगावकडं. मी लहान होते तेव्हापासून जातात. तोडीच्या हंगामाला आमच्याकडं पट्टा म्हणतात; "हा शेवटचा पट्टा" असं आई दरवर्षी म्हणते, यंदा मात्र मी म्हणाले, "माझं एकदा होऊ दे, मग खरंच शेवटचा."

ते निघाले त्या सकाळची एक गोष्ट सांगायला हवी. ट्रॅक्टर वळणाआड गेला. घरात बोचकी बांधल्याचा सगळा पसारा, सुतळ्या, भुशाचा कचरा. मी केरसुणी उचलली. तेवढ्यात शेजारच्या रखमाकाकू, माझ्या चुलत चुलत्याची बायको, ओरडतच आल्या.

"ठिव ती खाली! माणसं आत्ता गेली न् लगेच झाडायलीस?"

"कचरा झालाय काकू."

"होऊ दे. पोचल्याचा फोन यीपत्तर झाडायचं न्हाई, सारवायचं न्हाई. मढं उचलल्यावर लगोलग सारवतेत, जित्या माणसाच्या मागं न्हाई. येवढी शिकलीस, ह्ये कुणी शिकवलं न्हाई का?"

हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. फक्त मी त्याला महत्त्व देत नव्हते. काकूंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता म्हणून केरसुणी कोपऱ्यात ठेवली, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारशी उचलली नाही.

रात्री काकूंकडं झोपायचं, दिवसभर आपल्या घरी लिहायचं, असा दिवस सुरू झाला. आमच्या घराची भुई मातीची आहे. दर चार-आठ दिवसांनी शेणानं सारवली नाही तर पोपडे धरते. आईचा फोन आला की पहिला प्रश्न तोच.

"सारवतीस का गं घर?"

"हो."

"नीट सारव. कोपरे सोडू नको."

मी एकदाही सारवलं नव्हतं. भुईचे पोपडे निघत होते आणि मी घराच्या मध्यभागी पोतं टाकून त्यावर बसत होते, कारण सगळ्या घरात रेंज फक्त तिथंच यायची. कानात इयरफोन, मान खाली, समोर चौथं प्रकरण. गाइडनी ते तीनदा परत पाठवलेलं. प्री-सबमिशन सेमिनारची तारीख एकदा पुढं ढकलून झाली होती. आता ढकलली असती तर मुदतवाढीचे सोपस्कार, आणखी सहा महिने आणि आईचा आणखी एक पट्टा. मला भीती वाटायची ती याची. बाकी कशाचीच नाही.

एका दुपारी लिहिता लिहिता डोळा लागला. जाग आली ती वासानं. ओल्या शेणाचा, मातीचा थंडगार वास. डोळे उघडले तर सगळं घर सारवलेलं! भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोपऱ्यांसकट. फक्त मी बसले होते ते पोतं आणि त्याच्याभोवती वीतभर भुई कोरडी होती. मला उठवायला नको म्हणून कुणीतरी माझ्या कडेकडेनं हात फिरवून गेलं होतं.

मला आधी लाज वाटली. काकूंचे गुडघे धड नाहीत आणि त्यांनी आपलं घर सारवावं... मी ओल्या भुईवरून उड्या मारत गेले आणि त्यांना म्हणाले, "काकू, कशाला केलंत? मी केलं असतं."

"काय केलं?"

"सारवलंत की."

"मला खाली बसाया येत असतं तर माझं घर नसतं का सारवलं? ऊन लागलं का तुला?"

मी विषय सोडला. कुणीतरी केलं असेल. वस्तीवर दुसरं कोण होतं याचा विचार मुद्दाम केला नाही, कारण चौथं प्रकरण.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. त्या दिवशी मी झोपलेही नव्हते. मान खाली घालून एक आलेख नीट करत होते. मध्येच वाटलं, कुणीतरी बोलावतंय. पण इयरफोन होते, आणि आलेख असा काही बिनसला होता की मी मान वर केली नाही. केली तेव्हा भुई ओली होती. दाराला आतून कडी होती, मीच लावलेली, शेळ्या आत येतात म्हणून. शेणाचं घमेलं मागच्या भिंतीला पालथं, आत कोळ्याचं जाळं. मी मीटर काढलं आणि भुईत खुपसलं. हसू नका, मला दुसरं काही सुचलं नाही. ओलावा भरपूर होता, ताज्या सारवणात असतो तेवढा. पोत्याखाली खुपसलं तर खडखडीत कोरडं. डोळ्यांचा भास झाला म्हणावं तर मीटरला कुठले डोळे?

यावेळी काकूंना हाताला धरून आणलं. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि वाकून कितीतरी वेळ भुईकडं बघत राहिल्या.

"ह्ये डाव्या हाताचं हाय," त्या म्हणाल्या.

सारवताना हाताच्या कमानी उठतात ना, त्या सगळ्या उलट्या दिशेनं वळलेल्या होत्या. आमच्या भावकीत डाव्या हातानं सारवणारी एकच बाई. त्यावरून आईनं सासरी आल्यावर पुष्कळ ऐकून घेतलेलं आहे.

"तुज्या आईला फोन लाव," काकू म्हणाल्या.

लावला. आई उसाच्या फडातच होती, मजेत. माझं जेवण विचारलं, काकूंचे गुडघे विचारले. सारवणाचा विषय मी काढलाच नाही. सारवते म्हणून इतके दिवस थाप मारत होते, ती कुठल्या तोंडानं मोडायची? मनाला सांगितलं, अपुरी झोप, ताण, कदाचित आपणच गुंगीत सारवलं असेल. डाव्या हातानं? असेल!

मग सेमिनारचा दिवस आला.

सकाळीच आवरलं, घराला कुलूप लावलं, चावी पर्समध्ये टाकली, काकूंना सांगून निघाले. फाट्यावर सिरसाळ्याची जीप भरायची वाट बघत बसले आणि आठवलं — चार्जर! जीपवाल्याला थांबायला सांगून तशीच पळत परत आले. कुलूप उघडलं.

सगळं घर सारवलेलं होतं. यावेळी सगळंच. पोतं गुंडाळून भिंतीला उभं केलेलं आणि माझी ती कोरडी जागाही सारवून टाकलेली, थेट उंबऱ्याला टेकेपर्यंत. ओलं, चकचकीत. मी बाहेर पडून किती वेळ झाला होता? फाट्यापर्यंत जाऊन येण्याइतका.

मागून काकू आल्या, आत बघितलं आणि ओट्यावर टेकल्या.

"माय माय माय... मागं सारवलं गं. माणूस गेल्याबरोबर."

त्या क्षणी मला सगळं शिक्षण सोडून गेलं, हे मी कबूल करते. डोक्यात एकच: गेलं कोण? मी तर इथं उभी होते. मी आईला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्यांच्याकडं एकच फोन आहे, तो पुष्कळदा चार्जिंगला दुकानात पडलेला असतो, हे मला माहीत होतं, तरी लावतच राहिले. फाट्यावर जीपवाला हॉर्न देत होता. सेमिनार सोडावा आणि बेळगावची गाडी धरावी, असं मनानं घेतलं होतं. माझी वर्षं, आईचा शेवटचा पट्टा, सगळं गेलं खड्ड्यात. ती असायला तर हवी!

"रडू नको, मोड ते," काकू म्हणाल्या. "उकर मधनं. सारवण अर्धवट राहिलं की त्ये मढ्यामागचं ऱ्हात न्हाई."

खरंच तसं मानतात, की काकूंनी मला हाताला काम दिलं, मी अजून विचारलेलं नाही. मातीचे नमुने घ्यायचं माझं खुरपं बॅगेत होतं. सेमिनारची साडी वर खोचली, गुडघ्यावर बसले आणि मी जिथं बसायचे तिथली भुई उकरायला लागले. उकरत असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर.

"पोरी, मी बोलायले."

आई! मला हुंदकाच आला.

"कावून रडायलीस? मी टॅक्टरवाल्याच्या फोनवरनं बोलायले. आज गाडी आली न्हाई भरायला, म्हनून पाचटावर आडवी झालते. डोळा लागला न् सपान पडलं. नेहमीचंच."

"कसलं नेहमीचं?"

"घर सारवायचं, दुसरं कसलं? तू मधी बसलेली असतीस पोत्यावर, मांडीवर त्यो डबा घिऊन. ऊठ म्हनावं तर ऐकतच न्हाईस. मग मी आपली कडंकडंनी सारवते. आज बघितलं तर तू जागची उठलेली! म्हनलं बरं झालं, सबंद सारवून घ्यावं. पार उंबऱ्यापत्तर..."

तिच्यामागं माणसांचे आवाज येत होते.

"तू कुठं गेलतीस का गं?" तिनं एकदम हळू विचारलं.

"सेमिनारला निघाले होते. परत आले, चार्जर विसरला म्हणून."

"माय... मी तुज्या मागं सारवलं."

"आई, ते स्वप्न होतं तुझं."

"त्ये कळतंय मला. पर केलं तर मीच ना?"

मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. ना पोत्याचं, ना कडेच्या सारवणाचं. उलट घर मीच सारवते हीच थाप तिला माहीत होती. तरीही मी तेव्हा तिला खरं सांगितलं नाही. ती तिथं, उसात, हातात कोयता घेऊन. तिला काय म्हणून सांगायचं? म्हणाले, "मी ठीक आहे, तू ठीक आहेस, आता निघू दे." ती म्हणाली, "पोचलीस की फोन कर. ह्याच नंबरवर कर, मी ह्याला हलू देत न्हाई."

जीपवाला शिव्या घालत का होईना, थांबला होता. सेमिनार झाला. चौथ्या प्रकरणावर एकानंही प्रश्न विचारला नाही, याचा रागच आला. पोचल्यावर आणि परत निघताना, दोन्ही वेळा आईला फोन केला.

त्यानंतर घर पुन्हा सारवलं गेलं नाही. एकदाही नाही. मी थिसिस संपवला, जमा केला. आता इयरफोन लावत नव्हते, मध्येच मान वर करून बघत होते. कुणी नसायचं. भुई वाळली, भेगाळली, शेवटी मीच सारवली, उजव्या हातानं, वेडीवाकडी. उकरलेली जागा तेवढी तशीच ठेवली.

पट्टा पडला, म्हणजे तोड संपली, माणसं परतली. आई वाळून अर्धी झाली होती. डोळ्यांखाली काळं. मी अण्णांना विचारलं, ती आजारी होती का.

"आजारी कशाची," अण्णा म्हणाले. "तुज्या त्या फोनपासनं झोपंलाच भ्यायची. दुपारी समदी टोळी आडवी व्हायची, ही डोळ्याला पानी मारून बसायची. रातीला बी मला म्हनायची, माजा हात हलला तर उठवा."

मी आत गेले. आई उकरलेल्या जागेपाशी बसली होती. ती कुणी उकरली, हे तिनं विचारलं नाही. शेण कालवलं आणि डाव्या हातानं ती जागा भरून काढली. मी सांगितलं तिला सगळं, तेव्हा. थापेसकट. ती ऐकून घेत होती, हात चालूच.

"हाका मारायची मी," ती म्हणाली. "लई मारायची. तू वर बघितलंच न्हाईस."

स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. मीटर खरं बोलत होतं एवढं मी कुणापुढंही सांगीन, पण मीटर कारण सांगत नाही.

आता आई दुपारी झोपते, घरात, माझ्यासमोर. मी व्हायव्हाची तयारी करत बसते. कधीकधी झोपेत तिचा डावा हात भुईवर फिरायला लागतो. मी तो हातात धरून ठेवते, ती शांत होईपर्यंत. व्हायव्हाची तारीख अजून आलेली नाही. ती आली की मला निघावं लागेल. आईनं आत्ताच सांगून ठेवलंय, "पोचल्याचा फोन कर. तवर मी डोळा मिटायची न्हाई."